डॅक बदलू की ॲम्प? आधी नेमकं काय खटकतंय ते ठरवूया

प्रश्न : नमस्कार ताई, सदर नेहमी वाचतो. माझ्याकडे नव्वदच्या दशकातला जपानी इंटिग्रेटेड ॲम्प आहे, चॅनलला ४० वॅट, आणि आठ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर, मागे ८६ डीबी लिहिलंय. गाणी फोनवर लावतो, फोनला छोटा डोंगल आणि तिथून वायर ॲम्पच्या ऑक्समध्ये. खोली दहा बाय बाराची. ऐकतो ते शास्त्रीय, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी. हल्ली दोन-तीन वर्षं आवाज दबल्यासारखा वाटतो, शब्द मोकळे येत नाहीत आणि डग्गा नुसता घुमत राहतो. दुकानात म्हणाले आधी ३५ हजारांचा डॅक घ्या, मग पुढच्या वर्षी ८० हजारांचा ॲम्प. मुलगा म्हणतो घेऊन टाका बाबा. रिटायर झालोय, पैसे आहेत पण उगाच घालवायचे नाहीत. काय करू?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : काका, आत्ता काहीच घेऊ नका. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, शब्द दबलेत आणि डग्गा घुमतोय, आणि या दोन्हींचं कारण डॅक असण्याची शक्यता अगदीच कमी आहे. ३५ हजार देऊन घरी आलात आणि डग्गा तसाच घुमला तर तुम्हाला वाटणार की आता ॲम्पच बदलायला हवा, आणि असंच करत करत माणूस लाखभर घालवतो.

डॅक काय करतो तर आकड्यांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो, बस. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा हे काम नीट करणं अवघड आणि महाग होतं. आज तेच काम नखाएवढी चिप करते, म्हणजे तुमच्या डोंगलमध्येही एक डॅक आहेच. ॲपलचा तो हजारेक रुपयांचा डोंगल मोजून बघितला तर त्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजात होणारी मोडतोड, टक्क्याच्या हजाराव्या भागात येतं, आणि सीडीच्या १६ बिटांची रेंज, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डीबी आहे (डीबी हे आवाजाच्या पातळीचं माप), तेवढं तो बिनधास्त सांभाळतो. आता याच्या शेजारी स्पीकर ठेवून बघा, चांगला स्पीकरसुद्धा खालच्या सुरांत जरा मोठ्या आवाजावर टक्का-दोन टक्के डिस्टॉर्शन सहज करतो, आणि वरपासून खालपर्यंत त्याचा आवाज दोन-तीन डीबीने वर-खाली होतोच. म्हणजे साखळीत सगळ्यात स्वच्छ असलेली कडी तुम्ही अजून स्वच्छ करायला निघालात. त्यात तुम्ही ऐकता ती जुनी रेकॉर्डिंग, त्यांच्यात टेपची सळसळ आधीच भरलेली आहे, आणि १९२५ च्या आधीच्या तबकड्या तर मायक्रोफोनशिवाय, भोंग्यात गाऊन केलेल्या. त्यातून डॅकने काढायचं ते काय काढायचं.

डॅक बदलायची खरी कारणं असतात, नाही असं नाही. आवाज बंद असताना सुंईं सुंईं येत असेल, मध्येच तुटत असेल, टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट असेल, किंवा डोंगलचा आउटपुट कमी पडत असेल. हे शेवटचं तुमच्याकडे तपासा. काही अँड्रॉइड फोनवर ॲपलचा डोंगल खूपच बारीक आवाज देतो, मग दुसरा एखादा साधा डोंगल लावला की काम होतं. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवा आणि कमी-जास्त ॲम्पवर करा. आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बी, इक्वलायझर, 'साउंड एन्हान्समेंट' वगैरे जे काय चालू असेल ते सगळं बंद करा, ॲपमध्ये डेटा सेव्हर असेल तर तोही. कित्येकांचा दबलेला आवाज इथेच मोकळा होतो आणि एक रुपया लागत नाही.

आता ॲम्प. ४० वॅट म्हणजे कमी असं दुकानात सांगतात, पण जरा हिशोब करूया. तुमचा स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८६ डीबी देतो. तुम्ही अडीच मीटरवर बसता असं धरलं तर अंतरामुळे साधारण ८ डीबी गेले, दोन स्पीकर आहेत म्हणून ३ परत आले, म्हणजे खुर्चीपाशी एका वॅटला ८१. घरात निवांत ऐकताना सरासरी ७५ डीबी म्हणजे बऱ्यापैकी मोठा आवाज झाला, त्याला लागतो जेमतेम पाव वॅट! तबल्याची थाप किंवा तान जोरात आली आणि सरासरीच्या वीस डीबी वर गेली तरी २५ वॅटमध्ये भागतं. ४० च्या जागी १०० वॅटचा ॲम्प आणला तर मिळतात फक्त ४ डीबी जास्त, कारण वॅट दुप्पट केले की ३ डीबीच वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे ताकद कमी पडतेय हे कारण तुमच्या बाबतीत लागूच होत नाही. तुमच्याकडे चार ओहमचे, ८२-८३ डीबीचे अवघड स्पीकर असते आणि मोठा हॉल असता तर मी वेगळं बोलले असते.

पण ॲम्पचं वय झालंय हे खरं, आणि मुंबईची हवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूला सोडत नाही. पावसाळ्याचे चार महिने दमट, त्यात समुद्राचं खारं वारं, रिलेचे आणि स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या पॉटमध्ये खरखर सुरू होते, तीसेक वर्षांत कपॅसिटर सुकतात, कुठे ड्राय सोल्डर होतं, म्हणजे सोल्डरचा जोड सैल पडतो. ओळखायचं कसं, तर व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का, एक चॅनल मध्येच जातो आणि नॉब हलवला की परत येतो का, गाणं बंद असताना स्पीकरमधून घूंऽऽ येतं का, हे बघा. यातलं काही असेल तर ॲम्प बदलू नका, आधी सर्व्हिस करा. लॅमिंग्टन रोडला आणि उपनगरांतही जुने ॲम्प उघडून नीट दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनर, नवे कपॅसिटर, लागलाच तर एखादा रिले, नव्या ॲम्पच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. त्यांना स्पीकर टर्मिनलवरचा डीसी ऑफसेट, म्हणजे गाणं बंद असतानाही तिथे येणारं डीसी व्होल्टेज, मोजायला सांगा, ५० मिलिव्होल्टच्या आत असला की ठीक. स्वतः मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मला खरा संशय स्पीकरवर आणि खोलीवर आहे. शब्द दबलेत ना, मग आज रात्री घर शांत झालं की बारीक आवाजात गाणं लावा आणि वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाशी आणि दुसरं ट्वीटरशी, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या गोल भागाशी, धरा. दोन्ही ट्वीटर सारखेच वाजतायत का? एखादा गप्प असेल, किंवा दुसऱ्यापेक्षा मंद असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. मग वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाच्या, कडेची रिंग हळूच बोटाने दाबून बघा, फोमची असेल तर या हवेत ती भुगा होऊन गळते, रबरची असेल तर बरीच टिकते. फोम गेला असेल तर रिंग नवी बसवून मिळते, अख्खा स्पीकर टाकायची गरज नाही. वायरचं प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं आहे का तेही बघून घ्या, एका बाजूला उलटं झालं की गायकाचा आवाज मधोमध उभा न राहता सगळीकडे पसरतो. वायर बदलायचीच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरे, पाच मीटरला तिचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१२ ओहम होतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही.

आणि घुमणारा डग्गा. दहा बाय बाराच्या खोलीत, चारी बाजूंनी भिंती आणि खाली टाइल्स, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून राहतात. बारा फुटांच्या बाजूला तो साधारण ४७ हर्ट्झवर, दहा फुटांच्या बाजूला ५६ वर, आणि त्यांच्या दुपटी-तिपटी वर चालूच, म्हणजे ९४, ११२ असे. डग्ग्याचा घुमारा, तानपुऱ्याचा खरज, सगळं याच भागात येतं. कुठलाही डॅक किंवा ॲम्प भिंती हलवू शकत नाही. स्पीकर कोपऱ्यात किंवा शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले असतील तर खालचे सूर अजून फुगतात, आपल्याकडे जागाच नसते म्हणून बहुतेक घरांत ते तसेच असतात हे मला माहितीये, पण निदान कोपऱ्यातून फूटभर आणि मागच्या भिंतीपासून वीत-दीड वीत पुढे काढून बघा. ट्वीटर कानाच्या उंचीला, दोन्ही तोंडं थोडी तुमच्याकडे वळलेली, आणि तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली नको. खाली सतरंजी, समोर जाड पडदा, बाजूला पुस्तकांचं कपाट असेल तर टाळी वाजवल्यावर येणारा तो टणटणाट कमी होतो, पण पडद्याने डग्गा आवरत नाही, तो जागा बदलूनच आवरतो. ॲम्पवर 'लाउडनेस' बटण दाबलेलं असेल तर ते बाहेर काढा, ते खालचे सूर मुद्दाम वाढवतं!

एवढं सगळं करूनही मन मानत नसेल तर दुकानदाराला सांगा की डॅक दोन दिवस घरी द्या, आवडला तर ठेवतो. आणि ऐकताना नव्या डॅकचा आणि तुमच्या डोंगलचा आवाज सारखा करा, नाहीतर जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, कान तसेच असतात, माझेही. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर स्पीकरच्या टर्मिनलला लावा, ६० हर्ट्झचा टोन वाजवा, स्वस्त मीटर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासच बरोबर मोजतात म्हणून हा टोन, आणि दोन्हींचं रीडिंग एका टक्क्याच्या आत जुळवा. मग मुलाला वायर बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा, कोणता चालू आहे ते त्याने सांगायचं नाही. वीसेक वेळा करा, नोंद ठेवा. पंधरा-सोळा वेळा बरोबर ओळखलंत तर खुशाल घ्या, मीच म्हणेन घ्या. दहा-अकरा आले तर ते ३५ हजार बँकेतच बरे.

सर्व्हिस झाली, खोली नीट लावून झाली, तरी नवं काही घ्यावंसं वाटलं तर ते स्पीकर असू देत.

प्रश्न : ताई, लॅपटॉपला यूएसबी डॅक जोडून ॲम्पला दिलाय. चार्जर लावला की स्पीकरमधून हम्म्म येतं, काढला की जातं. मित्र म्हणतो डॅक स्वस्तातला आहे, चांगला घे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : निदान तुम्हीच केलंय, चार्जर काढला की जातं ना, मग डॅक बिचारा ठीक आहे. हा ग्राउंड लूप. लॅपटॉप एका प्लगवरून अर्थला, ॲम्प दुसऱ्या प्लगवरून, आणि मधल्या सिग्नल वायरमधून त्या दोन अर्थमधला फरक वाहतो, तो ५० आणि १०० हर्ट्झचा हम म्हणून ऐकू येतो. पहिल्यांदा लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि लॅपटॉपमधून ऑप्टिकल काढता येत असेल तर तसं जोडा, त्या वायरमधून फक्त प्रकाश जातो त्यामुळे लूपच तुटतो. तेही नसेल तर डॅक ते ॲम्पच्या आरसीए वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, तो काही फार महाग नसतो, मात्र अगदी स्वस्तातला खालचे सूर थोडे खातो.

एक हात जोडून विनंती, चार्जरची किंवा ॲम्पची अर्थची पिन काढायची नाही, टेप लावायची नाही. हम जातो खरा, पण शॉक लागायची वेळ आली की तीच पिन जीव वाचवते. आणि इमारत जुनी असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटला अर्थ मुळात आहे का तेही तपासून घ्या, कितीतरी जुन्या बिल्डिंगांत तिसरं भोक नुसतं नावाला असतं.

प्रश्न : २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फाइल्ससाठी नवा डॅक घ्यावा का? माझ्या डॅकवर ४८ पर्यंतच चालतं.
— एक वाचक, दादर

उत्तर : फक्त त्यासाठी नको. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा रेट २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पूर्ण पकडतो, आणि तरुण, चांगल्या कानाची हद्द वीसला संपते, चाळिशीनंतर ती अजून खाली येते. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला होता, हाय-रेस (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा, तुमच्या २४ बिट फाइल्ससारखा) सिग्नल मध्येच सीडीच्या दर्जाला उतरवला तर लोकांना कळतं का, आणि ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. नंतर २०१६ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांची एकत्र तपासणी झाली तेव्हा थोडासा फरक दिसला, पण अगदीच थोडा. हाय-रेस म्हणून विकलेली फाइल कधीकधी खरंच छान वाजते, त्याचं कारण बहुतेक वेळा तिचं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवर फिरवलेला शेवटचा हात, वेगळं, निगुतीने केलेलं असतं, आणि ते मास्टरिंग ४८ वर उतरवलं तरी तुमच्या आत्ताच्या डॅकवर तितकंच छान वाजेल.