सोलापूर जिल्ह्याहून मोठा मुलूख आणि साडेतीन हजार माणसं

प्रश्न : सर, माझा पुतण्या शिकायला अॅरिझोनात असतो. सुट्टीत तो गाडीनं न्यू मेक्सिकोकडे गेला. 60 नंबरच्या हमरस्त्यावर केमाडो, पाय टाउन, डॅटिल एवढीच गावं लागली म्हणाला, बाकी सगळं माळरान आणि डोंगर. दुष्काळानं गावं उठली का तिथली?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पुतण्या गेला ती कॅट्रन कौंटी. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. क्षेत्रफळ जवळपास 17,900 चौरस किलोमीटर. आपला सोलापूर जिल्हा अकरा तालुक्यांसकट 14,895. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत 43 लाखांवर माणसं मोजली गेली, त्यांच्याकडे 2020 मध्ये 3,579. एवढी माणसं आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या दोन-चार गल्ल्यांत निघतील.

आता तुमचा दुष्काळ. लोक दुष्काळानं गेले हे खोटं नाही, पण ते आलेही दुष्काळानंच होते. 1930 च्या दशकात टेक्सास-ओक्लाहोमाकडे पाऊस हटला, धुळीच्या वादळांनी रानं उडाली, कर्ज डोक्यावर आलं. तिथली बरीच कुटुंबं बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिमेला निघाली, त्यातली काही पाय टाउनच्या आसपास थांबली. कोरड्या मुलखात घर बांधून राहणाऱ्याला 640 एकरांपर्यंत सरकारी जमीन देणारा कायदा 1916 मध्ये झाला होता. 640 एकर ऐकून आपल्या माणसाचे डोळे विस्फारतात. पण समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या जवळपास, थंडी लवकर पडणारा आणि उशिरा सरणारा तो भाग. पाणी पावसाचंच. पेरायचं काय, तर पिंटो घेवडा आणि थोडा मका. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला यापुढचं मी सांगायला नको.

1940 मध्ये रसेल ली नावाचा सरकारी छायाचित्रकार तिथे गेला. त्याचे फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि इंटरनेटवर फुकट बघता येतात. जरूर बघा. अर्धं घर जमिनीत खणलेलं, वर ओंडके, त्यावर माती. आत फळ्यांवर भाज्या-फळांच्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. हिवाळ्याची बेगमी ती. गरिबी दिसते, पण पसारा कुठे दिसत नाही. मला तरी त्या बरण्या माणसांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

लोक आले आणि गेले, याला आकडेही दुजोरा देतात. 1930 मध्ये कौंटीत 3,282 लोक होते, 1940 मध्ये 4,881. तेवढा आकडा पुन्हा कधी झाला नाही. पुढे महायुद्ध आलं, शहरांत रोजाचं काम मिळू लागलं, 1950 च्या दशकात तिथेही पावसानं दगा दिला. 1970 मध्ये उरले 2,198. त्यानंतर आकडा पुन्हा चढला, पण नांगर धरणारे परत आले म्हणून नव्हे. 1990 ते 2000 मध्ये जी भर पडली ती बरीचशी निवृत्त मंडळींची. लाकडाच्या गिरणीचं काम बंद पडत होतं त्याच सुमाराला हे होत होतं, हे विशेष.

आणि हो, पाय टाउनचं नाव. पाय म्हणजे आत फळं भरून भट्टीत भाजलेला एक गोड पदार्थ. 1920 च्या दशकात एकानं तिथे सुकवलेल्या सफरचंदांचे पाय विकायला काढले, त्यावरून ते पडलं. पुतण्यानं खाल्ला असेल तर कसा होता ते कळवा.

प्रश्न : तिकडे प्रत्येक गावाला आपल्यासारखी ग्रामपंचायत असते का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. कॅट्रनमध्ये स्वतःचा कारभार असलेलं गाव एकच, रिझर्व्ह. तेच जिल्ह्याचं ठिकाण, आणि लोकसंख्या तीनशेच्या आत. बाकी गावांचं निवडून आलेले कौंटी कमिशनर पाहतात. निम्म्याहून जास्त जमीन केंद्र सरकारची, बहुतेक जंगल, त्यामुळे गाव वाढवायचं म्हटलं तरी हातपाय पसरायला जागा कुठे? दक्षिणेला मोगोयोन म्हणून सोन्या-चांदीच्या खाणींचं गाव होतं, एके काळी हजारोंच्या वस्तीचं. खाणी संपल्या, आज तिथे जुनी घरं बघायला लोक जातात.

प्रश्न : अशा गावात शंभर वर्षांपूर्वी कोण राहत होतं हे शोधायचं कसं? आपण जुनं गॅझेटियर काढतो, तसं काही?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : त्याहून बरं साधन आहे. अमेरिकेत जनगणनेचे घरोघरचे तक्ते 72 वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. 1950 चे 2022 मध्ये खुले झाले. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, जन्म कुठला, धंदा काय, सगळं प्रगणकाच्या हस्ताक्षरात. शिक्षक असताना मीही प्रगणक होतो, गिचमिड अक्षराबद्दल त्या मंडळींना मी नावं ठेवणार नाही.

तुम्ही 1940 चे तक्ते आधी काढा. त्या वर्षी एक फार उपयोगी प्रश्न विचारला होता : 1 एप्रिल 1935 ला तुम्ही कुठे राहत होता? बार्शीच्या वाचकांना वर जे सांगितलं ते घर-घर ताडून बघायचं तर हाच रकाना. 1930 च्या मागे गेलात तर कॅट्रन हे नाव शोधू नका. ही कौंटी 1921 मध्ये सोकोरो कौंटीतून फोडून काढली, म्हणून 1920 चे लोक सोकोरोत सापडतील. 1900 आणि 1910 चेही तिथेच. त्याआधीचा 1890 मात्र सोडून द्या, त्या वर्षीचे बहुतेक सगळे कागद 1921 मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि त्यानंतर गेले.