बारा खाटा म्हणजे किती काम?

प्रश्न : मी एका इस्पितळाच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. खाटा २४, संध्याकाळच्या पाळीला आम्ही दोघी. “मेडिकल वॉर्डातही २४ खाटांना दोघीच, मग तुम्हांलाच का पुरत नाही?” असं वरून विचारतात. मंगळवारी आणि शुक्रवारी ओटी (ऑपरेशन थिएटर) असते, तेव्हा पाणी प्यायलाही फुरसत नसते. आयसीयूत गुण देऊन काम मोजतात म्हणे. ते आम्हांला वापरता येईल का?
– एक स्टाफ नर्स, फोंडा तालुका

उत्तर : बाय, मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली १७ सर्जिकल वॉर्डात. हा प्रश्न मलाही विचारला जायचा आणि कितीतरी वर्षं मी नुसतं “काम खूप असतं” एवढंच म्हणत राहिले. त्यावर कुणी नर्स देत नाही.

आयसीयूतल्या त्या पद्धतीचं नाव नर्सिंग अ‍ॅक्टिव्हिटीज स्कोअर. २००३ साली आली. त्यात २३ बाबी आहेत आणि १०० गुण म्हणजे एका नर्सचे पूर्ण २४ तास, म्हणजे एक गुण साधारण १४ मिनिटांचा. मला ती आवडते, कारण अंग पुसणं, कूस बदलणं, नातेवाइकांशी बोलणं, कागद भरणं हेही त्यात कामच धरलंय. पण तिचे आकडे आयसीयूसाठी बसवलेले आहेत. ते उचलून वॉर्डात लावू नकोस, पहिल्याच बैठकीत खोडून काढतील.

तू तुझ्या ओटीच्या दिवसाचा हिशेब मांड. ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटचे पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी बीपी, नाडी, श्वास बघायचे, ड्रेसिंग भिजलंय का, ड्रेनला (जखमेतलं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळीला) काय आलंय तेही. एका फेरीला पाच मिनिटं धर. चार पेशंट पाठोपाठ आले तर चार गुणिले चार गुणिले पाच, म्हणजे त्या तासात ८० मिनिटांचं काम. एका नर्सच्या तासात ते बसतच नाही. अजून बाकीच्या २० जणांना कुणी हात लावलेला नाही.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीच्या गणतीची, म्हणजे रात्री १२ ला वॉर्डात किती पेशंट आहेत ते मोजतात त्याची. सकाळी १० ला एक घरी गेला, १२ ला त्याच खाटेवर दुसरा आला. गणतीत एकच पेशंट. पण डिस्चार्जचं समजावणं, नवीन केसपेपर, ऑपरेशनची तयारी, हे दोन माणसांचं काम झालं. केंद्र सरकारच्या, कुठे किती कर्मचारी हवेत ते ठरवणाऱ्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा जनरल वॉर्डासाठी ६ खाटांमागे १ नर्स हा निकषसुद्धा खाटाच मोजतो. हर्नियाचा पेशंट सकाळी स्वतः आंघोळ करून येतो, दुपारी दोनला ओटीतून येतो तेव्हा त्याला सगळं आपणच करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो परत हिंडतो. खाट तीच. म्हणून पेशंटची गरज दर पाळीला नव्याने लिहावी लागते.

एक रात्र मी विसरत नाही. पावसाळ्याचे दिवस, वॉर्डात आम्ही दोघी. काणकोणच्या एका आजीची कोलोस्टोमीची (पोटावरच्या छिद्रातून शौच जमा होणारी) पिशवी दोन वाजता सुटली. आजी लाजेने रडत होती. साफ करून, नवी पिशवी लावून, तिच्या लेकीला दाखवेपर्यंत ३५ मिनिटं गेली. माझी जोडीदार तेव्हा तातडीची केस घेऊन ओटीत. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाची लघवी कमी झालेली मला चार वाजता कळली, कळायला हवी होती दोनला. तो वाचला. पण त्या रात्री आळस कुणीच केला नव्हता.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये आला. नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. हा आकडा अर्जात घाल, पण शेवटी. वरच्यांना आधी तुमचाच वॉर्ड दिसायला हवा.

त्यासाठी १४ दिवस एक वही ठेवा. ओव्हर देताना (पाळी बदलताना पुढच्या नर्सला वॉर्ड सोपवताना) प्रत्येक खाटेसमोर एक अक्षर : ‘हिं’ म्हणजे हिंडता-फिरता, ‘म’ म्हणजे मदत लागते, ‘पू’ म्हणजे पूर्ण आपल्यावर. किती आले, किती गेले, ओटीतून किती वाजता परतले. पेशंटचं नाव नको, खाटेचा नंबर पुरे. दोन-तीन पाळ्यांत घड्याळ लावून एका ‘पू’ला खरोखर किती मिनिटं लागतात ते बघा. अंदाजाने लिहू नका.

आणि शेवटच्या रकान्यात काय राहिलं ते लिहा. तोंड पुसायचं राहिलं, चालवायचं राहिलं. हे लिहायला आपल्याला लाज वाटते, आपलीच चूक वाटते. मलाही वाटली. पण मेट्रनबाईंनी, म्हणजे नर्सेसच्या मुख्य बाईंनी, माझ्या वहीतला तोच रकाना दोनदा वाचला होता, आणि ओटीच्या दिवसांना दुपारी १ ते ७ एक नर्स जास्तीची मिळाली. मागितल्या होत्या दोन.

पहिला आठवडा भरला की वही मला दाखव. ‘म’ आणि ‘पू’ यांत सगळ्यांचा गोंधळ होतो, तो आपण बसून सोडवू.