टिक्ससाठी निकोटिनची पट्टी लावावी का?

प्रश्न : माझ्या 11 वर्षांच्या मुलाला टूरेट सिंड्रोम आहे. डोळे मिचकावणे, मान झटकणे आणि सतत घसा खाकरणे या टिक्ससाठी, म्हणजे आवरता न येणाऱ्या हालचाली आणि आवाजांसाठी, त्याला हॅलोपेरिडॉल सुरू आहे. पण त्या गोळीने तो वर्गात पेंगतो. निकोटिनच्या पट्टीने टिक्स कमी होतात, असे अमेरिकेतील नणंदेने कळवले. यजमानांनी तंबाखू सोडताना आणलेल्या पट्ट्या घरात आहेत. त्यांतला तुकडा कापून लावला तर चालेल का?

उत्तर : नाही, कृपया लावू नका. तुमच्या नणंदेची माहिती मात्र निराधार नाही. निकोटिनमुळे हॅलोपेरिडॉलचा परिणाम वाढतो, हे आधी उंदरांवरील प्रयोगांत दिसले. पुढे अमेरिकेत टूरेटच्या रुग्णांना निकोटिनचे च्युइंगगम आणि नंतर पट्टी देऊन पाहण्यात आली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या 70 रुग्णांपैकी काहींना 7 मिलिग्रॅमची खरी पट्टी, तर काहींना औषध नसलेली पट्टी 19 दिवस लावली गेली. पाचव्या दिवशी सर्वांची गोळी निम्मी केली, तेव्हा खरी पट्टी असलेल्यांची लक्षणे अधिक आटोक्यात राहिली. म्हणजे तिथे पट्टी गोळीच्या जोडीला होती, गोळीऐवजी नव्हती. शिवाय मळमळ आणि उलट्यांचा त्रासही झाला. एवढ्या छोट्या, अल्पकाळाच्या चाचणीवरून वाढत्या वयाच्या मुलाला व्यसन लावणारे द्रव्य देणे मला योग्य वाटत नाही, आणि टिक्सच्या नेहमीच्या उपचारांत या पट्टीला स्थानही मिळालेले नाही.

आणखी एक गोष्ट. टिक्स मुळातच काही आठवडे वाढतात आणि मग आपोआप ओसरतात. आपण नवा उपाय नेमका त्या ऐन भरात असताना करतो, त्यामुळे ओहोटीचे श्रेय ताईताला, काढ्याला किंवा पट्टीलाही सहज मिळून जाते. खरी पट्टी आणि खोटी पट्टी यांची तुलना करावी लागते, ती याचसाठी.

तुमची खरी अडचण पेंगण्याची आहे आणि तिच्यावर मार्ग आहे. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलणे, क्लोनिडिन अथवा अ‍ॅरिपिप्राझोलसारखे दुसरे औषध देणे, यांविषयी डॉक्टरांशी बोला. गोळी मात्र स्वतःहून एकाएकी बंद करू नका. वर्तनोपचाराचीही चौकशी करा. टिक येण्यापूर्वी आतून जी अस्वस्थता दाटते ती ओळखून, त्याच क्षणी टिकला अडवणारी दुसरी हालचाल करायला त्यात मुलाला शिकवतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 126 मुलांवरील अमेरिकी चाचणीत 10 आठवड्यांच्या अशा प्रशिक्षणाने निम्म्याहून अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. दहा ते बारा हे वय बहुधा टिक्सच्या सर्वाधिक जोराचे असते आणि पौगंडावस्था सरता सरता बहुतेकांचा त्रास बराच उतरतो, हेही ध्यानात असू द्या.

यजमानांच्या उरलेल्या पट्ट्या कुलपात ठेवा. वापरलेल्या पट्टीतही मुलाला बाधेल इतके निकोटिन शिल्लक असते; ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने टाकावी.