वाचकांचे प्रश्न : अडकलेल्या अक्कलदाढेचं काय करायचं?

दातांच्या प्रश्नांची पत्रं मागवली होती. त्यांतली बरीच अक्कलदाढेवरची निघाली, म्हणून हे सदर तिच्यासाठीच ठेवलं आहे. उत्तरांत ‘सातवी’ आणि ‘आठवी’ हे शब्द वारंवार येतील. पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की आठव्या नंबरला अक्कलदाढ येते. तिच्या पुढची ती सातवी.

मुलगी २१ वर्षांची आहे, सांगलीत इंजिनिअरिंगला. दातांच्या तारा निघाल्यावर ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे काढला. चारही अक्कलदाढा अडकलेल्या आहेत आणि खालच्या दोन पुढे झुकलेल्या. दुखत काहीच नाही. पण ‘काढा, नाहीतर पुढचे दात पुन्हा वाकडे होतील’ असं सांगितलं. काय करावं? — एक पालक, तासगाव

पुढचे दात वाकडे होतील या कारणासाठी काढू नका. अक्कलदाढ मागून ढकलते आणि पुढे गर्दी होते ही समजूत जुनी आहे, पण अभ्यासांत ती टिकलेली नाही. वय वाढतं तसे खालचे पुढचे दात थोडे दाटतातच. ज्यांना अक्कलदाढा मुळात आल्याच नाहीत, त्यांचेही दाटतात. तारा काढल्यानंतर दात जागेवर ठेवतो तो रिटेनर. तो मुलगी रोज रात्री लावते का, हे आधी विचारा. बहुतेक घरांत तो डबीत पडलेला असतो.

आता एक्स-रे हातात घ्या आणि डॉक्टरांसोबत बसून बघा. दाढ तिरकी आहे एवढ्याने ती काढायची ठरत नाही. ती कुठे अडकली आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पूर्ण हाडात गाडलेली आणि तोंडाशी काहीच संपर्क नसलेली दाढ बऱ्याचदा आयुष्यभर गप्प बसते. त्रास देते ती अर्धवट वर आलेली. एक कोपरा हिरडीतून डोकावतो, बाकीची सातवीच्या पाठीला टेकलेली. त्या बेचक्यात अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही आणि सातवीला मागच्या बाजूने, मुळाजवळ कीड लागते. आरशात ती दिसत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. कळते तेव्हा सातवीचं रूट कॅनॉल करायची वेळ आलेली असते, कधी तर सातवीच काढावी लागते. नुकसान असं उलटं होतं. निरुपयोगी आठवी ठेवली आणि चावायची सातवी गेली.

म्हणून डॉक्टरांना सातवीच्या मागे बारीक खुणांची सळई घालून खोली मोजायला सांगा. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर जाते. पाच-सहा मिलिमीटर गेली तर वरून बंद दिसणारी हिरडी आतून उघडी आहे, असं समजा. एक्स-रेवर दाढेच्या माथ्याभोवती एक काळसर पट्टा असतो, तोही बघा. तो बारीक असेल तर काही नाही. चार-पाच मिलिमीटरपेक्षा रुंद दिसला तर गाठीची शंका घेऊन पुढे तपास करावा लागतो.

यातलं काहीच नसेल तर थांबायला हरकत नाही. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २००० साली हाच सल्ला दिला होता : रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ उगीच काढू नये. अमेरिकेत मात्र तरुणपणीच काढून टाकण्याकडे कल जास्त आहे, आणि त्यामागेही तर्क आहे. विशीच्या सुरुवातीला मुळं बऱ्याचदा पूर्ण झालेली नसतात, हाड थोडं लवचिक असतं, जखम लवकर भरते. पस्तिशीनंतर तीच दाढ काढणं अवघड जातं. म्हणून आमचं मत असं : पूर्ण गाडलेली असेल तर सोडा आणि वर्षातून एकदा तपासा. अर्धवट वर आलेली, पुढे झुकलेली आणि मागे सळई खोल जाणारी असेल, तर दुखायची वाट न बघता पंचविशीच्या आत काढून घ्या. खालची काढली तर तिच्या समोरची वरची दाढ टेकायला काही नसल्याने खाली उतरत जाते आणि गालाला किंवा हिरडीला चावते. म्हणून त्या बाजूची वरचीही सोबत काढायचा सल्ला मिळाला, तर तो रास्त आहे. चारही सरसकट काढायच्या असतील तर प्रत्येक दाढेचं कारण वेगळं विचारा.

वय १९, सैन्यभरतीची तयारी चालू आहे. दोन महिन्यांत दोनदा दाढेवर मांस सुजलं, तोंड उघडेना. काढली तर मेडिकलला दातांचे गुण कमी होतील का? — एक वाचक, कोरेगाव

आधी गुणांचा हिशेब. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत किमान १४ दंतगुण लागतात. गुण मिळतात ते वरखाली समोरासमोर नीट जुळणाऱ्या जोडीला. पुढचे दोन दात, सुळा आणि दोन उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला १, तर सहावी आणि सातवी यांच्या जोडीला प्रत्येकी २. म्हणजे एका बाजूचे ९, दोन्ही बाजूंचे १८. अक्कलदाढा नसल्या तरी १८ होतात. पूर्ण वाढलेल्या अक्कलदाढांच्या जोड्या धरल्या तर बेरीज २२ वर जाते, पण हिरडीखाली अडकलेली दाढ तशी कुणाशीच जुळत नाही. तिच्या पायी सातवीला कीड लागली, तर मात्र खरेच २ गुण धोक्यात येतात.

आता सुजेबद्दल. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं. त्याखाली अन्न कुजतं, झाकण सुजतं, आणि वरची दाढ त्या सुजेवरच चावत राहते. मग ठणका, तोंडाला वास, गिळताना दुखणं आणि दातखीळ. असा त्रास एकदा आणि सौम्य झाला, तर साफ करून थांबता येतं. दुसऱ्यांदा झाला, किंवा पहिल्यांदाच जोरदार झाला, की काढायचं पुरेसं कारण मिळालं. तुमचं दोनदा झालं आहे. नुसतं झाकण कापून घेण्याचा स्वस्त उपाय सुचवला जातो. दाढेला वर यायला जागाच नसेल तर ते मांस पुन्हा वाढतं.

सूज असताना मात्र काढायला बसू नका. संसर्ग झालेल्या ठिकाणी भूल नीट लागत नाही आणि तोंड उघडत नसेल तर हातच पोचत नाही. आधी डॉक्टरांकडून झाकणाखाली सलाइनने धुऊन घ्या. घरी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. प्रतिजैविक प्रत्येकाला लागत नाही. ताप असेल, दातखीळ बसली असेल किंवा सूज पसरत असेल तरच, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर घ्यायचं. मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक चालू असताना दारू घेऊ नये, उलट्या होऊ शकतात. सूज उतरली की आठवड्याभराने काढा. बाहेरून शेकू नका. शेकल्याने पू गालाकडे वाट काढतो.

हनुवटीखाली किंवा गळ्यापर्यंत सूज आली, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, श्वासाला त्रास होऊ लागला, तर दाताच्या दवाखान्याची वेळ बघत थांबू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. इथे काही तासांची दिरंगाईसुद्धा जिवावर बेतते.

मेडिकलच्या किमान महिनाभर आधी काढून घ्या. पहिला आठवडा १६०० मीटरची धाव आणि उठाबशा बंद. रक्तदाब वाढला की जखम पुन्हा वाहते.

वय ३४, शिक्षिका. दाढेची मुळं नसेवर आहेत, ओठ कायमचा बधिर होऊ शकतो असं सांगितलं. तोंड वाकडं होईल का? — एक वाचक, कराड

तोंड वाकडं होणार नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी ही नस फक्त स्पर्श कळवते, हालचाल करत नाही. तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटीची ती बाजू बधिर होते, भूल दिल्यासारखी. दुसरी नस जिभेची. ती दाढेच्या आतल्या बाजूला हाडालगत असते. तिला इजा झाली तर जिभेची अर्धी बाजू बधिर होते आणि चव बदलते. तात्पुरती बधिरता शंभरात काही जणांना येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत जाते. कायमची राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी. पण मूळ खरोखर नसेला चिकटलेलं असेल, तर तुमचा धोका या सरासरीपेक्षा जास्त आहे.

म्हणून साध्या ओपीजीवर थांबू नका. त्यात मूळ नसेच्या नळीला ओलांडताना काळं पडलेलं दिसलं, नळीची पांढरी कड तिथे तुटली किंवा नळी वळली असेल, तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करून घ्यावा. ओपीजी सपाट चित्र असतं, सीबीसीटीत नस मुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते कळतं. मूळ आणि नस यांच्यामध्ये हाड असेल तर दाढ तुकडे करून काढता येते. नसेल, तर फक्त माथा कापून काढायचा आणि मुळं जागेवर ठेवायची, हा पर्याय विचारा. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. ठेवलेली मुळं कधी कधी हळूहळू वर सरकतात आणि पुढे काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून लांब गेलेली असतात. मुळाशी पू असेल, कीड आतपर्यंत गेली असेल किंवा दाढ हलत असेल, तर मात्र हे करता येत नाही.

अशी दाढ मुख-शल्यचिकित्सेत एमडीएस (पदव्युत्तर पदवी) केलेल्या सर्जनकडून काढून घ्या. सांगली आणि कराडच्या दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. आणि दुखतच नसेल, तर न काढण्याचा पर्यायही मोकळा आहे हे विसरू नका.

वडील ६२, रोज अॅस्पिरिन घेतात, शुगर आहे. आईला हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा इंजेक्शन देतात. दोघांनाही अक्कलदाढेचा त्रास आहे. — एक वाचक, इस्लामपूर

अॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. बंद केल्याने हृदयाला होणारा धोका दाढेच्या रक्तस्रावापेक्षा मोठा आहे. तो रक्तस्राव टाके आणि दाबाने थांबवता येतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आदल्या दोन-तीन दिवसांतला आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) सोबत न्या. शुगरवाल्यांनी सकाळची वेळ घ्यावी, न्याहारी आणि नेहमीची गोळी घेऊनच यावं. उपाशीपोटी आलेला पेशंट खुर्चीतच घामेजतो.

आईच्या बाबतीत जास्त जपा. ते इंजेक्शन बहुधा झोलेड्रॉनिक अॅसिडचं असेल. त्यानंतर दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन् महिने भरत नाही. दाढ काढणाऱ्याला आणि इंजेक्शन देणाऱ्याला, दोघांनाही ही गोष्ट आधी सांगा.

दाढ काढली. दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका सुरू झाला. घरचे म्हणतात मिश्री दाबून धर. — एक वाचक, जत

मिश्री अजिबात नको. हे बहुधा ‘ड्राय सॉकेट’ आहे. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. ठणका दोन ते चार दिवसांनी सुरू होतो, वास येतो, आणि पेनकिलरने नीट उतरत नाही. खालच्या अडकलेल्या दाढेनंतर हे अधिक होतं. तंबाखू आणि विडी ओढणाऱ्यांत, तसंच गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही प्रमाण जास्त. डॉक्टरांकडे जा. ते खड्डा सलाइनने धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि बहुतेकांना तासाभरात उतार पडतो. दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलावी लागते. लवंग तेलाचा कापूस स्वतः कोंबू नका. तेल हिरडी भाजतं आणि कापसाचे धागे आत राहतात. दुखऱ्या जागी अॅस्पिरिनची गोळी ठेवणारेही भेटतात, त्यांच्या गालाला पांढरा चट्टा पडतो.

ज्यांची काढायची आहे त्यांच्यासाठी : कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून ठेवा आणि थुंकू नका, लाळ गिळा. थुंकी लालसर दिसली की लोक घाबरून थुंकतच राहतात आणि गुठळी त्यातच सुटते. पहिले २४ तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही. गालावर बर्फ, दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं काढायचा. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, ती बिघाडाची खूण नव्हे. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा. खायला पेज, मऊ भात, थंड आंबील. भडंग आणि शेंगदाणे दोन आठवडे लांब ठेवा, कुरमुऱ्याचं टरफल खड्ड्यात बसलं की निघत नाही. टाके आठवड्याने निघतात. तंबाखू-मावा जखम भरेपर्यंत बंद. जिल्ह्याच्या टोकाहून येणाऱ्यांनी त्याच दिवशी मोटारसायकल चालवत घरी जाऊ नये. सोबत कुणीतरी आणा.

वरची दाढ काढली की नजर कमी होते म्हणतात. आजी काढू देत नाहीत. — एक वाचक, वाई

दातांची नस आणि डोळ्यांनी दिसायची नस वेगवेगळ्या आहेत. नजरेला काही होत नाही. पण आजींना सांगा, वरच्या दाढेला जपायचं कारण वेगळं आहे. तिच्या मुळांवर नाकाशेजारची पोकळी असते आणि मधलं हाड काही जणांत कागदासारखं पातळ असतं. काढल्यावर प्यायलेलं पाणी नाकातून आलं, तर तिथे भोक पडलं आहे. त्याच दिवशी परत दाखवा. तोपर्यंत, आणि पुढचे दोन आठवडेही, नाक शिंकरू नका. शिंक आली तर दाबून न धरता तोंड उघडं ठेवून शिंका.