'पूर्वकालीन' दीर्घिका तरुण की म्हातारी?

प्रश्न असा आहे: दीर्घिकांबद्दलच्या (म्हणजे गॅलक्सी, अब्जावधी ताऱ्यांचे प्रचंड समूह) एका भाषांतरित लेखात "पूर्वकालीन दीर्घिकांमध्ये बहुतेक तारे जुने असतात, उत्तरकालीन दीर्घिकांमध्ये मात्र नवे तारे जन्मत असतात" असं वाक्य आलंय. इथे पूर्वकालीन म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातली, की स्वतःच्या आयुष्याच्या सुरुवातीला असलेली?

दोन्ही नाही. 'अर्ली टाइप' आणि 'लेट टाइप' या इंग्रजी जोडीचं ते शब्दशः भाषांतर आहे, आणि मुळात ती जोडीच फसवी आहे.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी केली आणि पुढे ती नादकाट्याच्या आकृतीत मांडली. दांडीवर लंबवर्तुळाकार दीर्घिका, जवळजवळ गोल दिसणाऱ्यांपासून चपट्या दिसणाऱ्यांपर्यंत. काट्याच्या एका भुजेवर साध्या सर्पिल (मधल्या फुगवट्याभोवती ताऱ्यांच्या वळणदार भुजा असलेल्या चपट्या तबकड्या), दुसरीवर मधोमध ताऱ्यांचा पट्टा असलेल्या दंडसर्पिल. दांडीला भुजा फुटतात तिथे भिंगाकार. यातल्या दांडीकडच्या त्या 'अर्ली' आणि भुजांच्या टोकाकडच्या त्या 'लेट'.

हे शब्द आले ताऱ्यांच्या वर्गीकरणातून. तारा तप्त जन्मतो आणि हळूहळू निवत जातो, अशी एके काळी समजूत होती, म्हणून तप्त निळे तारे 'अर्ली' आणि थंड तांबडे 'लेट'. समजूत गेली, शब्द राहिले. दीर्घिकांच्या बाबतीत तर रंगांची उलटापालटच झाली: 'अर्ली' तारा निळा, पण 'अर्ली' दीर्घिका तांबूस! ही नावं क्रमातली जागा सांगतात, त्यातून काळाचा अर्थ काढाल तर जोखीम तुमची, असं हबल यांनी १९२७ मध्येच बजावलं होतं. मराठीत आणताना आपण त्याला 'कालीन' जोडून ती जोखीम अंगावर ओढून घेतली. सरळ 'लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार' विरुद्ध 'सर्पिल आणि अनियमित' म्हणावं. चार अक्षरं जास्त लागतील, लागू देत.

आता काळाबद्दल. एखाद्या सर्पिल दीर्घिकेचं रंगीत छायाचित्र पाहा. मधला फुगवटा पिवळसर, भुजा निळसर आणि भुजांच्या कडेने गुलाबी ठिपके. ते ठिपके म्हणजे कोवळ्या ताऱ्यांनी उजळवलेला हायड्रोजन वायू. निळे, वजनदार तारे फार तर काही कोटी वर्षं जगतात, त्यामुळे निळा रंग दिसला की तिथे तारे अलीकडेच जन्मलेत असं समजावं. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत थंड वायू जवळपास उरलेला नसतो, नवे तारे जन्मत नाहीत, मागे राहतात ते दीर्घायुषी तांबूस तारे.

म्हणजे बदल होतो तो बहुधा नावांच्या उलट दिशेने. दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की तबकड्या विस्कटतात, ताऱ्यांच्या कक्षा वाटेल त्या दिशांना वळतात, वायू ताऱ्यांच्या जन्मात खर्ची पडतो किंवा बाहेर फेकला जातो, आणि अखेरीस लंबवर्तुळाकार दीर्घिका उरू शकते. अलार आणि युरी टूम्रे या संशोधक बंधूंनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं की निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने अशा जोडीला ताऱ्यांच्या लांब शेपट्या फुटतात. हस्त नक्षत्रातल्या, एकमेकींवर आदळत असलेल्या अँटेना दीर्घिकांच्या शेपट्या त्या नमुन्याशी चांगल्याच जुळल्या. टक्कर हा एकच मार्ग नाही. दीर्घिकासमूहातला तप्त वायू आत शिरणाऱ्या सर्पिल दीर्घिकेचा वायू ओरबाडून काढतो, मग भुजा विझत जातात आणि भिंगाकार रूप उरतं.

आपली आकाशगंगा (मराठीत हे विशेषनाम, दीर्घिका हे सामान्यनाम, ही सोय सोडू नये) दंडसर्पिल आहे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका सेकंदाला साधारण ११० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येते आहे. दोघींची टक्कर अटळ, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार येत्या १० अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच आहे. तेव्हा 'मिसळतील' ऐवजी 'मिसळू शकतील' लिहावं.

'अनियमित' हा शब्दही जरा जपूनच. मोठा मॅजेलन मेघ ही आकाशगंगेजवळची छोटी दीर्घिका वर्षानुवर्षं त्या खान्यात आहे, पण त्याला ताऱ्यांचा ठळक पट्टा आहे आणि एक भुजाही. त्यामुळे काही खगोलशास्त्रज्ञ त्याला आणि त्याच्यासारख्यांना मॅजेलनी सर्पिल म्हणतात.