वडील गेल्यावर रडू आलं नाही, म्हणजे दुःख आत साठलंय का?

प्रश्न थोडक्यात असा: "वडील जाऊन चार महिने झाले. मी फारशी रडले नाही, पंधराव्या दिवशी कामावर गेले. आत्या म्हणते, सगळं आत साठवतेयस, एक दिवस फुटेल. माझं काही बिघडलंय का?"

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी तसं वाटत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजीत संशोधन करते आणि जवळचं माणूस गेल्यावर लोक कसे सावरतात हाच माझा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत्यांचं म्हणणं त्यांच्या पदरचं नाही. मानसशास्त्रही कित्येक दशकं तेच सांगत होतं. फ्रॉइडने १९१७ मध्ये शोक हे मनाला करावं लागणारं काम मानलं. १९३७ मध्ये मनोविश्लेषक हेलेन डॉइच यांनी लिहिलं की शोक दिसत नसेल तर तो आत दडलेला असतो आणि पुढे कुठल्यातरी रूपात बाहेर येतो. हे पडताळून बघणं सोपं नव्हतं. संशोधक घरी पोचायचे ते माणूस गेल्यानंतर. मागे राहिलेली व्यक्ती आधी कशी होती, हे कळणार कसं?

अमेरिकेत डेट्रॉइट परिसरात १९८७-८८ च्या सुमारास दीड हजारांवर वयस्क विवाहितांच्या मुलाखती आधीच घेऊन ठेवल्या गेल्या. पुढे ज्यांचा जोडीदार गेला, त्यांना संशोधक सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने पुन्हा भेटले. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले जॉर्ज बोनानो आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या २०५ जणांची माहिती तपासली आणि २००२ मध्ये छापली. जवळजवळ ४६ टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं आधीही कमी होती आणि नंतरही कमीच राहिली. दीर्घकाळ शोकात अडकलेले सुमारे १६ टक्के होते. आधी शांत आणि नंतर फुटलेले, असं फारसं कुणी आढळलं नाही.

लक्षणं कमीच राहिलेले ते ४६ टक्के लोक कोरडे होते का, त्यांचा संसार धड नव्हता का, हेही बघितलं गेलं. तसं काही दिसलं नाही. आठवणीने त्यांचाही जीव कासावीस व्हायचा, फक्त त्यातून ते पुन्हा दिवसाच्या कामाला लागायचे. संशोधनात रेझिलियन्स म्हणतात ते हेच. आपण त्याला 'खंबीरपणा' म्हणतो तेव्हा काहीतरी असामान्य वाटतं, पण तो पुष्कळांच्या अंगी असतो. (४६ हा आकडा मात्र घट्ट धरू नका. हिशोबाची पद्धत बदलली की टक्केवारी बरीच बदलते, हे इन्फर्ना आणि लुथर या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. आणि या अभ्यासात नैराश्य मोजलं होतं, अश्रू नाहीत.)

एक प्रसंग सांगते. एका काकूंशी बोलत होते, यजमान जाऊन पाच महिने झाले होते. ते चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचे, हे सांगताना काकू डोळे बारीक होईपर्यंत हसल्या. मग टेबलावरचा तोच चष्मा उचलला, पदराने काचा पुसल्या आणि घडी करून केसमध्ये ठेवला. "रोज पुसते," म्हणाल्या. बघणाऱ्याने फक्त हसणं बघितलं असतं तर काकूंवर केवढा अन्याय झाला असता! केल्टनर आणि बोनानो यांच्या १९९७ च्या अभ्यासात, गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना जे मनापासून हसले, त्यांना त्रास कमी जाणवत होता.

म्हणून मुद्दाम रडायचा प्रयत्न करू नका. रडू आलं तर येऊ द्या, कामात मन रमलं तर रमू द्या. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, त्यात ज्यांना भावना मोकळी करणं आणि आवरणं दोन्ही जमत होतं, ते पुढे जास्त बरे राहिले.

काळजी कधी करायची, तेही सांगते. सहा महिने उलटून गेले तरी वडिलांची ओढ दिवसभर सोडत नाही, ते गेले हे मन मानतच नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, घरची-कामावरची घडी विस्कटलीय, असं असेल तर मदत घ्यायलाच हवी. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, या दीर्घकालीन शोकाची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटला तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आत्यांना हे आकडे ऐकवू नका. त्यांचा भाऊ गेलाय. तुम्हाला रड म्हणतात, तेव्हा कदाचित त्यांनाच रडायला सोबत हवी असेल. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून विचारा, बाबा लहानपणी कसे होते.