गुरूवर काही आदळलं, तर त्याचा डाग ठाण्यातून दिसेल का?

तुम्ही घोडबंदर रोडला राहता, साडेचार इंची दुर्बीण आहे आणि विचारताय की गुरूवरच्या धडकेची खूण गच्चीवरून दिसेल का. दिसेल, पण आदळणारं धूड मोठं हवं. २०१० मध्ये हौशी निरीक्षकांनी टिपली तसली क्षणभराची चमक मागे काहीच ठेवत नाही.

मी डाग पाहिलेत ते जुलै १९९४ मध्ये, नौपाड्यातून. शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ जुलै रोज आदळत होते आणि आमच्याकडे नुसती संततधार. आठवडाभर छत्री घेऊन गच्चीवर चकरा. महिनाअखेरीस एका संध्याकाळी ढग जेमतेम वीस मिनिटं फाटले. मित्राच्या सहा इंची दुर्बिणीत दोन डाग होते, नेहमीच्या पट्ट्यांपेक्षाही काळे, पांढऱ्या सदऱ्यावर शाई सांडावी तसे. सर्वांत मोठ्या, म्हणजे 'जी' (G) नावाच्या तुकड्याचा डाग जवळपास पृथ्वीएवढा होता. काजळीसारखी बारीक धूळ ढगांच्या वर पसरल्यामुळे तो काळा दिसत होता. पुढे वाऱ्यांनी हे डाग ताणून ताणून पुसट केले, पण त्याला बरेच आठवडे लागले. म्हणून पावसाळ्यातही आशा सोडू नका.

शहराच्या उजेडाची काळजी करू नका, गुरूला त्याने फरक पडत नाही. त्रास देतो तो स्लॅब. दिवसभर तापलेली गच्ची रात्री वाफ सोडते आणि गुरू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो. अकरानंतर बघा (सेक्रेटरीकडून किल्ली मिळाली तर!).

काळा ठिपका दिसला की आधी गुरूच्याच एखाद्या चंद्राची सावली समजा. सावली गोल, काटेकोर असते आणि दोन-तीन तासांत गुरूवरून निघून जाते. डाग वेडावाकडा असतो आणि परत येतो. गुरू ९ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे पाच फेऱ्यांनंतर, दोन दिवसांनी साधारण पावणेदोन तास उशिरा तो डाग पुन्हा त्याच जागी हवा. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांनाही १९ जुलै २००९ ला आपल्या दुर्बिणीत दिसला तो डागच. धडक कोणीच पाहिली नव्हती. मग हवाई बेटांवरच्या मोठ्या दुर्बिणीने अवरक्त किरणांत तो तपासला, तेव्हा खात्री झाली.

आणि चित्र काढाल तर दिशा नीट लिहा. न्यूटनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हे मी त्या गडबडीत विसरलो. डाग वरच्या बाजूला दिसले म्हणून वहीत ठोकून दिलं, 'उत्तर गोलार्ध'. पेपरात दक्षिण छापून येत होतं, तर दोन दिवस मी पेपरवाल्यांनाच नावं ठेवत होतो.